मेथिलीन ब्लू : परीक्षानळीतला रंग आणि पेल्यातले थेंब

मेथिलीन ब्लू हा रंग आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, फक्त नाव लक्षात राहिलेले नसते. शाळेच्या प्रयोगशाळेत गालाच्या आतल्या पेशी दातकोरण्याने खरवडून काचपट्टीवर घेतल्या, की त्यावर टाकायचा निळा थेंब याचाच. घरी मत्स्यालय असणाऱ्यांकडे माशांच्या अंगावर बुरशी आली की वापरायची जी निळी बाटली असते, तीही याचीच. माझा या रंगाशी संबंध मात्र दुधामुळे आला. दूध संघाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करताना हा रंग रोज हाताळावा लागतो आणि बोटांवर, ॲप्रनवर, कधी नखांतही तो मुक्काम ठोकून असतो. त्यामुळे गेल्या काही काळात हाच रंग पाण्याच्या पेल्यात थेंब थेंब टाकून पिण्याची शिफारस नातेवाइकांच्या आणि परिचितांच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरू लागली, तेव्हा मी त्याविषयी नेहमीपेक्षा जरा अधिक लक्ष देऊन वाचले.

शिफारशींचा आवाका मोठा आहे. स्मरणशक्ती वाढते, थकवा जातो, वार्धक्य लांबते, अल्झायमर टळतो, आणि काही ठिकाणी तर कर्करोगही बरा होतो, असे सांगितले जाते. या लाटेचा उगम अमेरिकेत आहे. २०२५ च्या जानेवारीत अभिनेते मेल गिब्सन यांनी जो रोगन यांच्या पॉडकास्टवर कर्करोगातून बऱ्या झालेल्या आपल्या मित्रांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या गप्पांत इतर औषधांबरोबर मेथिलीन ब्लूचेही नाव आले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे आरोग्यमंत्री झालेले रॉबर्ट केनेडी धाकटे विमानात बसून पेल्यात निळसर द्रव टाकत असल्याची चित्रफीत पसरली. तो द्रव मेथिलीन ब्लूच होता असे त्यांनी स्वतः सांगितले नव्हते, पण पाहणाऱ्यांनी ते गृहीत धरले आणि बाटल्यांचा खप वाढवणाऱ्यांना तेवढे पुरेसे होते. आपल्याकडे याची एक लाट त्याआधीच, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये येऊन गेली होती. गुजरातेतून, विशेषतः भावनगरकडून, ‘निळ्या औषधा’ची कीर्ती महाराष्ट्रात पोहोचली होती आणि जीभ निळी झालेली माणसे तेव्हा आपल्याकडेही दिसत होती.

हा रंग नेमके काय करतो, हे समजायला दुधाच्या परीक्षेइतके सोपे साधन दुसरे नाही. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून आलेल्या दुधाचा नमुना आम्ही निर्जंतुक परीक्षानळीत १० मिलिलीटर घेतो, त्यात रंगाचे ठरावीक द्रावण १ मिलिलीटर घालतो, रबरी बूच लावून नळी उलटसुलट करतो आणि ३७ अंश तापमानाच्या पाण्यात उभी करतो. सुरुवातीला सगळ्या नळ्या आकाशी दिसतात. दूध जिवाणूंनी भरलेले असेल तर ते जिवाणू वाढताना दुधातला ऑक्सिजन संपवतात आणि मग त्यांच्याकडचे इलेक्ट्रॉन हा रंग उचलतो. इलेक्ट्रॉन मिळाले की मेथिलीन ब्लूचा निळेपणा जातो आणि दूध पुन्हा पांढरे दिसू लागते. पाच तास किंवा त्याहून अधिक काळ निळे राहिलेले दूध उत्तम, अर्ध्या तासाच्या आत पांढरे झालेले दूध निकृष्ट, असा त्याचा हिशेब आहे. पांढऱ्या झालेल्या नळीतही वरच्या बाजूला, जिथे दुधाला हवा लागते तिथे, निळ्या रंगाचे एक पातळ कडे राहते. नवीन आलेल्या मुलांना ते कडे पाहून निकाल चुकीचा वाटतो, पण मेथिलीन ब्लूचा सगळा स्वभाव त्या कड्यात आहे. रंग नष्ट झालेला नसतो. त्याने इलेक्ट्रॉन घेतलेले असतात, आणि हवेतला ऑक्सिजन भेटला की तो ते देऊन टाकतो व पुन्हा निळा होतो. घेणे आणि देणे, दोन्ही त्याला सारखेच सहज जमते. समोर कोण आहे आणि रंग किती आहे, यावर तो काय करणार हे ठरते.

या एका गुणावर त्याची औषध म्हणून असलेली जवळजवळ सगळी कारकीर्द उभी आहे आणि त्याचे धोकेही त्यातूनच बरेचसे आलेले आहेत.

कारकीर्द मात्र खरोखर थोर आहे, आणि जे लोक या रंगाची ‘कापड रंगवायचे रसायन’ म्हणून नुसती टिंगल करतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत हाइनरिश कारो यांनी १८७६ मध्ये तो तयार केला, तो अर्थातच कापडासाठी. पण काही वर्षांतच रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू शोधताना तो वापरला. पुढे पॉल एर्लिश यांच्या लक्षात आले, की हा रंग सजीव पेशींपैकी काहींनाच निवडून चिकटतो आणि हिवतापाच्या परजीवीलाही चिकटतो. जो रंग परजीवीला चिकटतो तो त्याला मारूही शकेल, या तर्काने १८९१ मध्ये त्यांनी पॉल गुटमान यांच्यासह बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना तो दिला आणि दोघे सुधारले. वनस्पतीतून न काढता प्रयोगशाळेत पूर्णपणे घडवलेले, माणसाला रोगावर दिलेले हे पहिल्या औषधांपैकी एक. क्विनाइनपुढे त्याचा टिकाव लागला नाही, पण त्याच्या रेणूच्या सांगाड्यावरूनच पुढे फिनोथायझिन वर्गातली औषधे आली, आणि त्यांतल्या क्लोरप्रोमझीनने १९५२ पासून मनोरुग्णालयांचे रूप पालटले. आज भिशीच्या गप्पांत ‘कंपन्यांनी दडपून ठेवलेले औषध’ म्हणून ज्याचे नाव निघते, ते सव्वाशेहून अधिक वर्षे औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

आजही मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मेथिलीन ब्लूची इंजेक्शने ठेवलेली असतात, आणि ती कशासाठी हे शेतीवर जगणाऱ्या महाराष्ट्राने तरी जाणून घ्यायला हवे. मिरची, टोमॅटो, डाळिंब यांना फुले जास्त लागावीत म्हणून कृषी सेवा केंद्रांत जी संजीवके मिळतात, त्यांतल्या काहींत नायट्रोबेंझीन असते. ते पोटात गेले, मग अपघाताने असो वा दुर्दैवाने मुद्दाम, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले लोह बदलते आणि त्याचे मेटहिमोग्लोबिन होते. असे रक्त ऑक्सिजन सोडायला आणि वाहायला निकामी ठरते. ओठ आणि नखे निळी-राखाडी पडतात, ऑक्सिजनचा मुखवटा लावला तरी फरक पडत नाही, बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडून बसते, आणि नळीत काढलेले रक्त चॉकलेटच्या रंगाचे दिसते. गाळण कागदावर थेंब पसरवून हवेत ठेवला तरी ते लाल होत नाही. अशा वेळी रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम या हिशेबाने मेथिलीन ब्लू सावकाश, साधारण पाच मिनिटांत, शिरेतून देतात. लाल पेशीतले एक विकर (एन्झाइम) त्या रंगाला इलेक्ट्रॉन देते, रंग ते नेऊन बिघडलेल्या लोहाला देतो आणि हिमोग्लोबिन पुन्हा कामाला लागते. बऱ्याचदा तासाभरात रुग्णाचा रंग परत येतो. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनमुळे किंवा काही भूल देणाऱ्या औषधांमुळेही ही अवस्था येऊ शकते, तेव्हाही उपाय हाच. अमेरिकेच्या केंटकी राज्यात ट्रबलसम क्रीकच्या काठी पिढ्यान्पिढ्या निळ्या त्वचेची माणसे असलेले एक कुटुंब होते. त्यांच्यात मेटहिमोग्लोबिन परतवणारे नेहमीचे विकरच जन्मतः कमी होते. मॅडिसन कॉविन या रक्तविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात त्यांतल्या काहींना हे इंजेक्शन दिले आणि त्यांची त्वचा पाहता पाहता गुलाबी झाली. निळ्या रंगाने निळेपणा घालवण्याची ही गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना फार आवडते, आणि मलाही.

आता याच औषधाची मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या वर गेली की ते उलटे वागू लागते. इलेक्ट्रॉन द्यायच्या ऐवजी हिमोग्लोबिनमधूनच काढून घेऊ लागते आणि ज्या विकारावर ते उतारा आहे तोच विकार निर्माण करते. पेल्यातल्या थेंबांमुळे कुणी सहसा तिथवर पोहोचणार नाही हे मी मान्य करते. १ टक्का द्रावणाच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम रंग असतो, आणि थेंब मोजूनच घेतले तर हा धोका दूरचा आहे. पण बाजारात द्रावणे वेगवेगळ्या तीव्रतेची आहेत, आणि ‘वीस थेंबांनी बरे वाटले, मग चाळीस घेऊन पाहू’ हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे, तो होमिओपॅथीच्या गोळ्यांपुरता असता तर गोष्ट वेगळी.

थेंब घेणाऱ्यांचा मुख्य आधार मायटोकॉन्ड्रियाचा आहे, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. पेशीतल्या या ऊर्जाकेंद्रांत इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत जातात. त्या साखळीतला एखादा दुवा नादुरुस्त झाला, तर मेथिलीन ब्लू अलीकडून इलेक्ट्रॉन उचलून पलीकडे पोहोचवू शकतो, हे पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २६ निरोगी व्यक्ती होत्या, त्यांना औषधाची एकच मात्रा दिल्यावर आठवणीच्या चाचणीत अचूक उत्तरे ७ टक्क्यांनी वाढली. इथपर्यंत कुतूहल वाटणे योग्यच आहे. पण २६ निरोगी माणसांची एका दिवसाची चाचणी आणि रोज वर्षानुवर्षे थेंब घेणे, यांत जे अंतर आहे ते प्रचारकांनी एका उडीत पार केले आहे. नादुरुस्त दुव्याला वळसा घालणारा पदार्थ धडधाकट साखळीला कोणता लाभ देईल, हा साधा प्रश्नही त्या चित्रफितींत कुणी विचारत नाही.

मोठी कसोटी झाली ती अल्झायमरबाबत. टॉआरएक्स या कंपनीने मेथिलीन ब्लूच्याच एका सुधारित रूपाची चाचणी सौम्य ते मध्यम आजार असलेल्या ८९१ रुग्णांवर घेतली आणि २०१६ मध्ये निकाल आले. ठरवलेल्या मुख्य निकषांवर औषधाचा उपयोग दिसला नाही. कंपनीने नंतर त्याच आकड्यांतल्या काही उपगटांकडे बोट दाखवले, पण निकाल लागल्यानंतर निवडलेल्या उपगटांवर विसंबण्याची पद्धत मला दुधाच्या प्रयोगशाळेतही चालवून घेता येत नाही. या चाचणीतली एक बारीक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. तुलनेच्या गटाला निव्वळ कोरी गोळी देता येत नव्हती, कारण औषध घेणाऱ्याची लघवी निळी-हिरवी होते आणि कोण कोणत्या गटात आहे हे पहिल्याच दिवशी उघड होते. म्हणून त्या गटालाही दिवसातून दोनदा ४ मिलिग्रॅम औषध दिले गेले, केवळ लघवीला रंग यावा म्हणून.

माझे आतेभाऊ न्यू जर्सीत असतात आणि वयाने माझ्याहून बरेच मोठे आहेत. त्यांनी फोनवर मला विचारले होते, “अगं, लघवी निळी होते म्हणजे औषध अंगी लागतंय असंच ना?” मी म्हटले, “दादा, ते मूत्रपिंडातून बाहेर पडतंय एवढंच त्यातून कळतं.” ते हसले, पण त्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ज्या उपचाराचा दृश्य परिणाम इतका ठसठशीत आहे, त्याने बरे वाटणारच. जीभ निळी, लघवी निळी, त्यावर सकाळी तांब्याभर पाणी आणि व्हिटॅमिन सीची गोळी, इतका विधी पार पाडल्यावर अंगात तरतरी आली नाही तरच नवल. व्हिटॅमिन सीबरोबर घेतल्याने पेल्यातला रंग फिका पडतो, त्यालाही ‘औषध सक्रिय झाले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ते माझ्या परीक्षानळीत घडते तेच, इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होणे आहे.

दादांशी बोलताना मी पुढचा जो प्रश्न विचारला, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहिते आहे. मी विचारले, “तुम्ही झोपेची किंवा मनःस्थितीची कोणती गोळी घेता का?” ते एस्सिटालोप्राम घेत होते, पुष्कळ दिवसांपासून. मेथिलीन ब्लू हा मोनोअमाइन ऑक्सिडेज ए या विकराचा प्रभावी अवरोधक आहे. हे विकर मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे विघटन करते. नैराश्यावरची बहुतेक प्रचलित औषधे, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन आणि त्यांची भावंडे, मेंदूतल्या चेतापेशींच्या फटीत सेरोटोनिन अधिक वेळ राहील अशी व्यवस्था करतात. एकीकडे निचऱ्याची वाट अडवायची आणि दुसरीकडे विघटन थांबवायचे, याचा परिणाम सेरोटोनिन विषबाधेत होऊ शकतो. थरथर, दरदरून घाम, ताप, अस्वस्थता, भ्रम, पायांचे स्नायू आपोआप झटके देणे, आणि तीव्र प्रकारात मृत्यू. हे पुस्तकी भय नाही. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेत नीट दिसाव्यात म्हणून शल्यविशारद हा रंग शिरेतून देत असत, आणि नैराश्याच्या गोळ्या चालू असलेले काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर भ्रमात गेले, तेव्हा हा प्रकार लक्षात आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये त्याबद्दल इशारा दिला, आणि २०१६ मध्ये मेथिलीन ब्लूच्या इंजेक्शनला मान्यता देताना हीच सूचना वेष्टनावर चौकटीत छापायला लावली. त्या घटना शिरेतून दिलेल्या मात्रेच्या होत्या हे खरे, पण तोंडावाटे घेतलेला रंगही चांगला शोषला जातो. ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके आणि खोकल्याच्या औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फनही याच यादीत बसतात. आपल्याकडे नैराश्याची गोळी चालू असल्याचे माणूस घरच्यांनाही सांगत नाही, मग व्हॉट्सॲपवर थेंबांची शिफारस करणाऱ्याला ते कळणार कुठून?

दुसरा गट जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांचा. मेथिलीन ब्लूला लाल पेशीत जे इलेक्ट्रॉन मिळतात ते याच विकराच्या मार्गाने येतात. विकर कमी असेल तर औषध निरुपयोगी ठरतेच, शिवाय लाल पेशी फुटू लागतात, कावीळ होते, रक्तातले हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. पश्चिम भारतात पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत ही कमतरता लक्षणीय प्रमाणात आढळते, आणि बहुतेकांना ती असल्याचे ठाऊकच नसते, कारण एरवी तिचा काही त्रास नसतो. रक्ताची एक साधी तपासणी ती दाखवते. गर्भवतींनी तर या रंगापासून दूरच राहावे. जुळ्यांच्या गर्भजलाच्या तपासणीत दोन पिशव्या वेगळ्या ओळखण्यासाठी तो पूर्वी टोचला जाई, आणि त्यानंतर काही बाळांच्या लहान आतड्याचा भाग बंद असल्याचे आढळल्याने ती पद्धत सोडून द्यावी लागली.

शुद्धतेविषयी फार लिहीत नाही. मत्स्यालयाच्या दुकानातली किंवा प्रयोगशाळेला पुरवठा करणाऱ्यांकडची बाटली माणसाच्या पोटासाठी केलेली नसते. या रंगाच्या निर्मितीत जड धातूंचे अंश राहू शकतात, औषधी प्रतीच्या मालात त्यांची मर्यादा पाळावी लागते आणि इतरत्र कुणी ती तपासत नाही. आमच्या कपाटातल्या बरणीवर काम नसलेल्या कुणी हात टाकू नये म्हणून कुलूप आहे, आणि मध्यंतरी एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘थोडा रंग द्या ना’ म्हणून विचारले, त्यांना ते कुलूपच दाखवले.

माणसे या बाटलीकडे का वळतात, याचा मला राग येत नाही. विसरभोळेपणा वाढत चाललेल्या आईला डॉक्टर ‘वयानुसार आहे’ म्हणतात, रोजचा थकवा कोणत्याच तपासणीत सापडत नाही, आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यावर कुणाकडेच द्यायला काही उरत नाही. अशा वेळी निळा थेंब निदान काहीतरी करतो, दिसतोही. राग येतो तो त्यावर बाटल्या विकणाऱ्यांचा, कारण एस्सिटालोप्रामचा प्रश्न त्यांना ठाऊक असतो आणि विक्रीच्या पानावर तो शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात असतो.

जे आधीपासून घेत आहेत त्यांना मी एवढेच सांगेन. मनाच्या आजारावरची, झोपेची किंवा तीव्र वेदनेची कोणतीही गोळी चालू असेल तर आधी थेंब थांबवा आणि मग डॉक्टरांना विचारा; गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला हे सांगा, ‘आयुर्वेदिक काहीतरी घेतो’ असे मोघम न सांगता नावानिशी सांगा. थरथर, ताप आणि गोंधळलेपण एकदम सुरू झाले तर रात्र सरण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा, आणि बाटली बरोबर न्या. हा रंग ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतो आणि ऑक्सिमीटरही जवळपास त्याच प्रकाशावर चालते, म्हणून रक्तात तो पुरेसा असेल तर यंत्र ऑक्सिजन खरोखर आहे त्यापेक्षा कमी दाखवते. नर्सने आकडा पाहून धावाधाव सुरू करण्याआधी तिला हे कळलेले बरे.